वडिलांनी उतरायची विहीर

माळशिंगीच्या चर्चच्या आवारात शिरलं की डाव्या हाताला ही विहीर दिसते. घेर मोठा आहे, कठडा काळ्या दगडाचा, कमरेइतका उंच. आत पायऱ्या नाहीत, उतरायचं तर दोरानेच. दर वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या मंडळीचे वडील हिच्यात उतरतात आणि गाळ काढतात. वडील म्हणजे मंडळीने निवडून दिलेली कारभारी माणसं. आमच्या प्रेस्बिटेरियन पद्धतीत पाळकसाहेब आणि हे पाच वडील मिळून सेशन होतं आणि चर्चचा सगळा कारभार त्या सेशनच्या हातात असतो. आत्ताच्या पाचांत एक डॉक्टर आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेले, दोघे शिक्षक, आणि मी. पँटी गुडघ्यावर दुमडून आम्ही उतरतो. गडी लावायचा नाही, मजूर सांगायचा नाही. चिखलाने माखून वर आलं की आंघोळ करायची नाही. तसंच विहिरीपाशी भुईवर बसायचं, आणि प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर मोडून सगळ्यांनी वाटून खायची उपासना तिथेच होते.

पाहुणे येतात, फोटो काढतात, किती सुंदर प्रथा आहे म्हणतात. आमच्या महोत्सवाच्या स्मरणिकेत हिच्यावर दोन पानं आहेत. वर मथळा, 'श्रमदानाची पवित्र परंपरा', आणि भोवती फुलांची वेलबुट्टी. ती पानं वाचून मी स्मरणिका मिटून ठेवली. मी इथल्या मिशन शाळेत एकतीस वर्षं मास्तर होतो. माझं नाव नथनेल कोठावळे. गोष्ट आमच्याच घरातली आहे, म्हणून ती सांगायचा हक्क मला आहे, असं मी समजतो. बसा इथे चिंचेखाली. सुंदर असं तिच्यात काही नाही.

असं सांगतात की मिशनचा गोरा साहेब माळशिंगीत आला तेव्हा गावाने त्याला राहायला जागा दिली ती ही. मेलेली जनावरं आणून टाकायचा हा माळ होता. साहेबाने हाडं गोळा करून पुरली आणि झोपडी बांधली. आधी दवाखाना काढला, मग शाळा. मोठा दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी वाटेवर सोडून दिलेली मुलं त्याने उचलून आणली, आणि उपाशी माणसांच्या हाताला काम म्हणून ही विहीर खणायला घेतली. चार महिने खाली नुसता पाषाण लागत होता. पाचव्या महिन्यात पाणी लागलं. साहेबाच्या मडमेने कठड्याच्या एका दगडावर एकच शब्द कोरून घेतला, 'सर्वांसाठी'. दगड अजून आहे. अक्षरं बरीच झिजलीत.

माझे पणजोबा बर्नबा कोठावळे हे इथल्या पहिल्या ख्रिस्ती माणसांपैकी. आधीचं नाव बाबाजी. पाटलाच्या घरातलेच, थोरल्या पाटलाचे धाकटे भाऊ. विशीत असताना तापाने मरायला टेकले होते, साहेबाच्या दवाखान्यात बरे झाले, तिथेच वाचायला शिकले आणि एका पावसाळ्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बापाने जिवंत मुलाचं श्राद्ध घातलं. गावाने पाणी तोडलं. ही विहीर तेव्हा नव्हती. दोन वर्षं पणजोबा ओढ्यातल्या डबक्याचं पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून प्यायले. हे ते स्वतः भर उपासनेत उभं राहून सांगत आणि सांगताना रडत. ऐकणारेही रडत. हे मी मुद्दाम सांगतोय. पाणी तोडणं म्हणजे काय, हे माळशिंगीत त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे साहेब मिशनच्या मोठ्या ठाण्याला गेला आणि मंडळी आपल्या माणसांच्या हातात आली. बर्नबाआण्णा सेशनमधले मुख्य वडील झाले. पाळक होते सीलास हिवरे. महारवाड्यातून आलेले, बारीक अंगाचे, आणि आवाज इतका हळू की मागे बसलेल्यांना प्रवचन ऐकू येत नसे. आण्णांपुढे ते मान वर करत नसत. आणि मंडळीत सगळ्यात शेवटी आली ती मांगवाड्यातली अकरा घरं. दोर वळणारी माणसं. अंबाडी कुजवून तिचा वाख काढायचा आणि त्याचे दोर, कासरे, दावी वळायची. त्यांतला लखू डावखुरा होता. त्यामुळे त्याच्या दोराचा पीळ सगळ्यांच्या उलट पडे, आणि दोर वर्षानुवर्षं टिके. लोक त्याचा दोर हाताने चाचपून ओळखत. त्याची बायको गोजरा. बाप्तिस्म्यात तिला रिबका नाव मिळालं होतं, पण त्या नावाने तिला कोणी कधी हाक मारली नाही.

मग एका वर्षी पाऊस झालाच नाही. मार्गशीर्षात गावविहीर आटली. माघात आडांच्या तळाची माती तडकली. पाणी राहिलं ते या एकाच विहिरीत.

तेव्हा गाव फाटकात आलं, म्हणे. पुढे पाटील होता, पणजोबांचा सख्खा पुतण्या. चाळीस वर्षांत त्याने यांच्या सावलीला पाय लावला नव्हता. त्या दिवशी त्याने हात जोडले आणि म्हणाला, "काका, पाणी द्या."

पणजोबा कठड्याला टेकून उभे होते. आजी सांगायची, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, सगळ्यांना दिसू दिलं.

पाटलाने मग अट सांगितली. बाकीच्या ख्रिस्ती लोकांनी शेजारी पाणी भरलेलं गाव कसंबसं गिळेल. पूर्वेचा रहाट गावाचा, पश्चिमेचा मंडळीचा. पण मांगवाड्याचा हात या विहिरीला लागता कामा नये.

सेशन बसलं. ठराव झाला. तो इतिवृत्ताच्या वहीत आहे, मी वाचलाय, अक्षर मोत्यासारखं आहे. ग्रामस्थांच्या मनात सुवार्तेविषयी गोडी उत्पन्न व्हावी म्हणून मांगवाड्यातील बंधुभगिनींनी काही काळ कठड्यापासून दूर, दगडी डोणीजवळ उभे राहावे, तेथे त्यांना इतर बंधुभगिनी प्रेमाने पाणी वाढतील. 'प्रेमाने' हा शब्द त्यात आहे. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. पाळकांचीही आहे. आपल्या वाड्याचं नाव आलं नाही म्हणून त्यांना सुटल्यासारखं वाटलं, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं.

ठराव वाचून दाखवला त्या रविवारी गोजरा उपासना संपल्यावर आण्णांच्या समोर येऊन उभी राहिली.

"आण्णा, त्या रहाटावरचा दोर कुणी वळलाय?"

"लखूनं वळलाय."

"मग दोर दिसभर पाण्यात बुडतुया त्यो चालतुया, आन आमचा हात चालत न्हाई?"

"गोजरा, पाऊस पडेपर्यंतची गोष्ट आहे," पणजोबा म्हणाले. "चाळीस वर्षांनी गाव आपल्या दारात आलंय. असं दार पुन्हा उघडायचं नाही. तुला काय वाटतं, मला हे बरं वाटतंय?"

"तुमास्नी बरं वाटतंय," गोजरा म्हणाली. "तोंडावर दिसतंय."

एवढं बोलून ती गेली.

दगडी डोणी ही जनावरांसाठी होती. सकाळी पाटलाचे बैल तिथे पाणी पीत. त्यांची लाळ तरंगत असे त्याच पाण्यावर वरून पोहरा ओतला जाई, आणि त्यातून मांगवाड्याच्या बायकांनी घागरी भरायच्या. ओतणारा हात वर धरून ओती, शिंतोडा उडू नये म्हणून. आधी गावाचं व्हायचं, मग मंडळीचं, मग उन्हं डोक्यावर आली की यांचं. काही दिवस कोणी ओतायलाच येत नसे. बायका तिथे उभ्या असत आणि चार हातांवर रहाट करकरत असे. मंडळीतल्या ज्या बहिणी रविवारी त्यांच्या शेजारी बसून गाणी म्हणत, त्या घागर डोक्यावर घेऊन समोरून जात. मान वळवत नसत. मला त्या पाटलाची तितकी किळस येत नाही, जितकी या बहिणींची येते. पाटलाने निदान गाणी म्हटली नव्हती.

शेवटी मांगवाडा ओढ्याला गेला. डबक्यात जे हिरवं पाणी उरलं होतं ते त्यांनी गाळून आणलं. हेच ते डबकं, ज्याच्या आठवणीने पणजोबा रडत.

चैत्रात पटकी आली. बारा दिवसांत मांगवाड्यात नऊ माणसं गेली. ओकाऱ्या आणि जुलाब यांनी माणसं इतकी सुकत की अंगावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची, असं आजीने तिच्या आईकडून ऐकलं होतं. धुवायला पाणी नव्हतं. घाणीतच माणसं मेली. लखू सातव्या दिवशी गेला. पुरायला पाळक आले. पाच वडिलांपैकी एक आले, ते नाकाला रुमाल लावून बाभळीपाशी थांबले. पणजोबा आले नाहीत. त्या दिवशी पुतण्याने त्यांना जेवायला बोलावलं होतं. चाळीस वर्षांनी ते आपल्या बापाच्या घरात पाटावर बसले. पुरण घातलं होतं म्हणे, आणि हात धुवायला भरून तपेलं ठेवलं होतं, आमच्या विहिरीचं.

स्मरणिकेत हे नाही. मी लिहून दिलं होतं. संपादक मंडळाने सांगितलं, मास्तर, लोकांच्या भावना असतात.

लखू गेल्यानंतर आठ-दहा दिवसांनी विहिरीच्या पाण्याला चव यायला लागली. मग वर तेलकट तवंग आला. मग एका सकाळी पाटलाच्या गड्याने रहाट फिरवला तर पोहऱ्यात केसांचा पुंजका आला. वाकून पाहतात तर खाली कुठलंतरी जनावर फुगून वर आलेलं, पोट वर, कातडी ठिकठिकाणी सुटलेली. घाणीने माणसं मागे सरली. जी माणसं कालपर्यंत ते पाणी प्यायली होती ती कठड्यालगतच ओकायला लागली. पाटील ओकला, पणजोबा ओकले.

गावाने लगेच ठरवून टाकलं की हे मांगवाड्याने सुडाने केलं. नऊ माणसं मेली, म्हणून मेलेलं जनावर आणून टाकलं. पाटलाने निरोप दिला की घाण निघाली नाही तर खोपटं जाळू. हा निरोप घेऊन मांगवाड्यात कोण गेलं, तर आमचे पणजोबा. सोबत दोन वडील होते.

गोजरा दारात वाख पिंजत बसली होती. पणजोबा म्हणाले, "झालं ते झालं. कोणी केलं ते मी विचारत नाही. तुमच्यातले दोघे उतरा, ते काढून टाका. म्हणजे मी गावाला समजावतो."

"आमी का उतरायचं?"

"मेलेलं जनावर ओढणं हे तुमचंच काम आहे, गोजरा. आजचं आहे का ते?"

गोजराने हातातला वाख खाली ठेवला. "आमचा हात इहिरीला लागायचा न्हाई, असं तुमीच लिवलंय. पाणी काढायला हात चालत न्हाई. कुजल्यालं काढायला चालतुया व्हय?"

पणजोबांनी गावाकडे हात केला. ते म्हणाले, "वेळ बघ. लोक काठ्या घेऊन बसलेत."

गोजरा उठली, घरात गेली, आणि नव्या दोराचं एक वेटोळं खांद्यावर घालून बाहेर आली. ते घेऊन ती सरळ चालत या विहिरीवर आली, मागून वाड्यातल्या बायका. तिने वेटोळं कठड्यावर ठेवलं.

"दोर आमचा," ती म्हणाली. "वर धराया बी आमी हाय. सोडनार न्हाई. पर उतरायचं तुमी."

आणि ती चिंचेखाली बसली. बायका तिच्याभोवती बसल्या.

तीन दिवस कोणी उतरलं नाही. गावाने खोपटं जाळली नाहीत, कारण गाव इथे यायचंच थांबलं. पाण्याचा उपयोग संपला तसा काकांचाही संपला. गाड्या जुंपून लोक सहा कोसांवरच्या नदीवरून पाणी आणायला लागले. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ती माणसं एका दिवसात निघून गेली, आणि जाताना नाक दाबून फाटकावर थुंकून गेली. विहीर मात्र कुजत राहिली. चर्चच्या खिडक्या बंद केल्या तरी वास आत येई. दवाखान्यातले आजारी उठून गेले. शाळा बंद झाली.

रविवार आला, तो प्रभुभोजनाचा होता. मेज मांडलेलं, भाकर झाकलेली, पेला भरलेला. मंडळी पदर आणि उपरणी नाकाला लावून बसली होती. पणजोबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी अत्तराचे दोन बोळे नाकपुड्यांत घातले होते. पाळक उठले, मेजापाशी आले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. लोकांना वाटलं नेहमीसारखं हळू बोलताहेत, म्हणून मागचे पुढे वाकले.

मग पाळकांनी मेजावरचं कापड ओढून भाकर आणि पेला पुन्हा झाकला. "हे मी वाढणार नाही," ते म्हणाले, आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. "विहिरीतली घाण सेशनच्या हाताने निघत नाही तोवर या मेजावर भाकर मोडायची नाही. मी मरेपर्यंत मोडणार नाही. ठरावावर माझीही सही आहे."

ते बाहेर गेले. काळा कोट काढून चिंचेच्या फांदीला लावला आणि गोजरापाशी गेले.

"गोजराबाई, दोर धराल का?"

"धरते," ती म्हणाली. बसल्या जागेवरून उठली नाही. "पर ठराव झाला तवा तुमी गप बसला हुता, पाळकसाहेब."

"बसलो होतो."

"का?"

"माझ्यावर आलं नव्हतं म्हणून."

गोजरा उठली. तिने दोर त्यांच्या काखेखालून घेऊन छातीवर गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. सात बायकांनी दोर धरला. त्यांतल्या चौघींची माणसं त्या महिन्यात गेली होती. त्यांनी हात सोडले असते तर विचारणारं कोणी नव्हतं.

पाळक गात गात उतरले, असं काही लोक सांगतात. स्मरणिकेत तर गाण्याचा क्रमांकही दिलाय. माझी आजी म्हणायची, कसलं गाणं, वरून ऐकू येत होत्या त्या त्यांच्या ओकाऱ्या. पोटात काही उरलं नाही तरी ते ओकत होते. पाणी कमरेइतकं होतं. त्यांनी दुसरा दोर त्या धडाभोवती घालायचा प्रयत्न केला तर एक पाय तुटून हातात आला. मग त्यांनी ते दोन्ही हातांनी कवटाळलं, छातीशी धरलं, आणि खालून दोर सरकवला. आधी ते वर ओढलं, मग पाळकांना. ते वर आले आणि गवतावर पालथे पडले. अंगभर काय काय लागलं होतं. जवळ कोणी जाईना. मांगवाड्यातल्या एका म्हातारीने आपल्या पदराने त्यांचं तोंड पुसलं.

गोजरा त्या जनावराकडे वाकून बघत होती. गळ्यात दावं होतं. तिने बोटाने त्याच्यावरचा बुळबुळीत थर निपटून काढला आणि दावं उन्हात धरलं.

"ह्यो उलटा पीळ हाय," ती म्हणाली. "लखूच्या हातचा."

दोर धरणाऱ्या बायका जवळ सरकल्या.

"आजारी पडायच्या आदल्या आटवड्यात त्यानं हे वळलं. मी सोता पोचवलं. आण्णांच्या कालवडीला."

सगळी मंडळी पणजोबांकडे बघायला लागली. त्यांच्या नाकातले अत्तराचे बोळे तसेच होते.

पाळकांनी गवतावरूनच विचारलं, "आण्णा, कालवड कुठे आहे तुमची?"

"सुटून गेली होती," पणजोबा म्हणाले. "आठ दिवस झाले. पाण्याच्या वासाने आली असेल. कठड्यावर पाय टाकून आत पडली असेल. मला नक्की ठाऊक नव्हतं."

"वर आली तेव्हा ओळखली नाही?"

पणजोबांनी तोंड फिरवलं. त्यांनी ओळखली होती. त्या सकाळी वाकून बघताच ओळखली होती, म्हणून तर ते ओकले. गावाच्या नजरेत दुसऱ्यांदा पडायचं नव्हतं, एवढ्यासाठी त्यांनी ते गिळलं आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलं. नऊ माणसं गमावलेल्या दारात. मी त्यांचं रक्त आहे. आरशात दिसतं ते त्यांचंच नाक आहे.

गोजरा एवढंच म्हणाली, "आमची खोपटं जाळायला निघाली हुती मानसं, आण्णा. तुमीच निरोप आनला."

तेव्हा पणजोबांनी पायातले जोडे काढले, असं सांगतात. बासष्ट वर्षांचा माणूस. त्यांनी स्वतःच दोर काखेत घेतला, पण गाठ मारता येईना. गाठ गोजरानेच मारली. ते उतरले. त्यांच्यामागून बाकीचे चौघे वडीलही उतरले. तीन दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते घाण पाणी उपसत होते, नंतर गाळ. पाट्या भरून वर पाठवायच्या, बायकांनी ओढायच्या. पणजोबा पश्चात्तापाने उतरले की लाजेने, मला ठरवता येत नाही. लोक म्हणतात पश्चात्ताप. मला वाटतं, वर राहून सगळ्यांची तोंडं बघण्यापेक्षा खाली राहणं त्यांना सोपं वाटलं असेल. पण उतरले, हे खरं.

तिसऱ्या दिवशी तळाशी पूर्वेच्या बाजूला खडकातून नवा झरा फुटला, आणि पाणी दुधासारखं गोड लागलं, असं इथे सगळे मानतात. मी काही बोलत नाही. इतक्या वर्षांचा गाळ काढला की दबलेला झरा मोकळा होतो. पाणी आलं, एवढं निश्चित.

गोजराने कठड्यावर उभी राहून पहिली घागर स्वतः ओढली. ती स्वतः प्यायली. मग वाड्यातल्या एकेकीला पाजली, मग पाळकांना, मग जो येईल त्याला. चिखलात माखलेले पणजोबा ओंजळ करून पुढे आले. गोजराने घागर खाली ठेवली.

"दोर हाय, घागर हाय," ती म्हणाली. "तुमचं तुमी काढा."

पणजोबांनी काढलं. रहाट फिरवताना ते थांबत होते, दम लागत होता. कोणी हात लावला नाही.

पाळकांनी मेज इथे बाहेर आणवलं. वडिलांना अंग धुऊ दिलं नाही. मांगवाडा पुढे बसला, सेशन सगळ्यांच्या मागे, आणि भाकर मोडली गेली. पण गोजराने ती घेतली नाही. ती म्हणाली, एकदा उतरून भागायचं नाही. दर साल उतरायचं. सेशनच्याच माणसांनी. मी मेल्यावर बी. हे वहीत लिवा, मग मी खाते. तेव्हा तिथेच वही मागवली आणि ज्या पानावर तो ठराव होता त्याच्याच खाली दुसरा लिहिला गेला. त्याचं अक्षर मोत्यासारखं नाही, चिखलाची बोटं उमटलीत त्यावर. ते वाचून झाल्यावर गोजराने भाकर हातात घेतली.

पाटलाला हे कळलं तेव्हा तो मोठ्याने हसला, म्हणतात. काकांना त्याने पुन्हा जेवायला बोलावलं नाही.

पुढे मंडळी वाढली. शाळा हायस्कूल झाली. माळशिंगीतलं अर्धं गाव आमच्या हाताखाली शिकलं, आणि त्यात पाटलांचे पणतूही आले. दवाखान्यात तीन तालुक्यांच्या बायका बाळंत झाल्या. पुढच्या सगळ्या दुष्काळांत या विहिरीवर कोणालाही अडवलं गेलं नाही. हे सगळं खरं आहे, आणि ते स्मरणिकेत आहे. दोन वर्षांपूर्वी सेशनमध्ये सूचना आली की आता वयं झाली, सफाईची माणसं बोलावून विहीर साफ करून घ्यावी. ती माणसं कोणत्या वस्तीतून येतात हे सूचना मांडणाऱ्याला ठाऊक होतं. पाचांपैकी दोन हात वर झाले. शिकलेल्या माणसांचे हात. मी त्यांच्याशी अजून नीट बोलत नाही.

आजही मे महिन्यातल्या त्या शनिवारी गोजराच्या वाड्यातल्या बायका दोर धरतात आणि आम्ही उतरतो. आजही पहिली घागर त्यांच्यातलीच कोणी ओढते, आधी स्वतः पिते, मग सगळ्यांना पाजते. कोठावळ्यांच्या ओंजळीत पाणी घालत नाहीत. लिहिलेलं कुठेच नाही, पण घालत नाहीत, आणि आमच्या घरातल्या कोणी ते मागितलेलंही नाही. मी माझं काढून घेतो. बावीस वर्षं काढतोय. पाणी स्वच्छ असतं, डॉक्टरांनी तपासलेलं असतं. तरी पहिली चूळ तोंडात घेतली की ती गिळवत नाही. थुंकून टाकावीशी वाटते. समोर सगळी मंडळी बसलेली असते. मी तसाच थोडा वेळ उभा राहतो, आणि मग गिळतो.